घरचं दही फ्रीझरमध्ये ठेवलं की दगड होतं, मऊ फ्रोझन योगर्ट कसं करायचं?

गोदाकाठची

नमस्कार मंडळी, मी नाशिकची. लेक सहा वर्षांची आणि धाकटा नऊ महिन्यांचा. सुट्टी लागल्यापासून लेकीचा रोज संध्याकाळी एकच धोशा, कोपऱ्यावर फ्रोझन योगर्टचं दुकान निघालंय तिथे चल. आठवड्यातनं एकदा ठीके पण रोज नको ना, आणि त्या कपात दही कमी आणि वरचं सिरप, चॉकलेटच्या गोळ्या, रंगीत जेली हेच जास्त. म्हटलं दही तर आपल्याकडे रोज लागतं, आपणच करू, त्यात काय एवढं.

तर तीनदा केलं आणि तिन्ही वेळा फसलं. पहिल्यांदा घरचं दही, दोन चमचे गूळ आणि एका आंब्याचा रस मिक्सरमधून काढून कुल्फीच्या साच्यात रात्रभर ठेवलं. सकाळी साचा नळाखाली धरून काडी ओढली तर नुसती काडीच हातात आली. दुसरा कसाबसा निघाला, लेकीने दोन मिनिटं चोखला तर सगळा रस आणि गोडवा तिच्या तोंडात गेला आणि काडीला पांढरा बर्फ राहिला. दुसऱ्यांदा टोन्ड दुधाचं दही आणि साखरेऐवजी शुगरफ्रीची पावडर, तो तर इतका कडक झाला की दातच लागेना. तिसऱ्यांदा ताजा अननस घातला, म्हटलं आंबटगोड छान लागेल, तर सकाळी चक्क कडू! दही चांगलं होतं, अननस पण गोड होता, मग कडू कशाने झालं ते मला अजून कळलेलं नाही.

क्रीम आणि कंडेन्स्ड मिल्क न घालता मऊ होतं का? साखर कमीत कमी किती चालेल? दह्यातले चांगले जिवाणू फ्रीझरमध्ये मरतात का, कारण मरत असतील तर एवढा खटाटोप कशाला? आणि धाकट्याला चमचाभर चाटवलं तर चालेल का? माझ्याकडे आइस्क्रीमचं मशीन नाही, साधा सिंगल डोअर फ्रिज आहे.


पंचगंगा

अगं बाई, तू दही गोठवलंस म्हणजे पाणीच गोठवलंस की. दही फडक्यात बांध आधी. आपण श्रीखंडाला चक्का करतो तसाच चक्का करायचा आणि मग पुढचं सगळं, हे एवढं जमलं की निम्मं काम झालं बघ.

मी कोल्हापूरची, आमच्याकडे म्हशीचं दूध. एक लिटर दुधाचं दही लावलं की साधारण ४०० ते ४५० ग्रॅम चक्का पडतो, गाईचं असेल तर त्याहून कमी. दही ताजं आणि गोड पाहिजे हं, मे महिन्यात रात्री विरजण लावून सकाळपर्यंत ओट्यावर ठेवलं तर आंबटढाण होतं आणि मग तो आंबटपणा मारायला साखर वाढवत बसावं लागतं. चार-पाच तासांत लागलं की लगेच फ्रिजमध्ये टाकायचं. टांगायचं पण फ्रिजमध्येच, नळाला टांगून ठेवायचे ते दिवस थंडीचे. पातेल्यावर पिठाची चाळण ठेव, तिच्यावर मलमलचं फडकं नाहीतर जुन्या धोतराचा तुकडा, त्यात दही, पुरचुंडी बांधून वर वाटीत पाणी भरून वजन ठेव. आठ-दहा तासांनी फडकं सोडलंस की चक्का गोळाच्या गोळा सुटून येतो, फडक्याला चिकटत नाही, तेव्हा झाला समज. बोट दाबलं तर खड्डा तसाच राहिला पाहिजे.

मग पुरणयंत्र काढायचं. मिक्सरला लावू नको, मिक्सरमध्ये चक्का पातळ होतो आणि जास्त फिरला तर लोणी सुटायला लागतं. चक्का आणि पिठीसाखर एकत्र करून पुरणयंत्रातून एकदा काढला की रेशमासारखा होतो, एक कण लागत नाही जिभेला. माझं माप ४०० ग्रॅम चक्का, २०० ग्रॅम हापूसचा रस, ६० ग्रॅम पिठीसाखर, चिमूटभर मीठ आणि जायफळ. रस चार-पाच मिनिटं जाड बुडाच्या कढईत परतून आटवून घ्यायचा आणि पूर्ण गार करून मगच घालायचा. गरम घातलास तर चक्का फाटतो.

आणि मशीन नाही म्हणतेस ना, लहानपणी आमच्याकडे पॉटचं आइस्क्रीम व्हायचं, लाकडी बादलीत बर्फ आणि जाडं मीठ घालून आम्ही भावंडं आळीपाळीने हँडल फिरवायचो. पॉट नसला तरी तसंच घरात करता येतं. घट्ट झाकणाचा स्टीलचा कडीचा डबा घे, निम्माच भर, मोठ्या पातेल्यात फोडलेला बर्फ आणि मूठ-मूठ जाडं मीठ थरावर थर देऊन मधोमध डबा रोव आणि कडी धरून डावीकडे उजवीकडे फिरवत राहा. दर पाच मिनिटांनी झाकण उघडून कडेला धरलेलं लाकडी चमच्याने खरवडून आत ढकलायचं. झाकणाची कड आधी पुसून घे, खारट पाण्याचा एक थेंब आत गेला तरी चव जाते. वीस-पंचवीस मिनिटांत दाट होतं. मग साच्यात भरून फ्रीझरमध्ये. लेकीला बसव फिरवायला, तिची दुपार पण जाईल.

खाली पडलेलं चक्क्याचं पाणी ओतून देऊ नको गं, कणीक भिजवायला घे नाहीतर थालीपिठाला, पोळ्या मऊ होतात.


दूधपाणी

काकूंनी बरोबर नस पकडली आहे, मी फक्त ते असं का होतं ते सांगतो, म्हणजे पुढे तुम्हाला फळ बदललं तरी अंदाज येईल. मी डेअरीत काम केलंय बरीच वर्षं.

दुधात पाणी ८५ टक्क्यांच्या आसपास असतं आणि त्याच्या दह्यात पण तेवढंच. फ्रीझर उणे १८ अंशाच्या आसपास असतो. मिश्रण थंड व्हायला लागलं की आधी नुसत्या पाण्याचा बर्फ होतो, साखर त्या बर्फात जात नाही, ती उरलेल्या पाण्यात राहते आणि ते उरलेलं पाणी अजून अजून पाकासारखं होत जातं. जितका पाक दाट तितकी त्याला गोठायला जास्त थंडी लागते, म्हणून शेवटी थोडा पाक न गोठता बर्फाच्या कणांमध्ये तसाच राहतो, आणि त्याच्यामुळेच चमचा आत जातो. तुमच्या लेकीने चोखल्यावर गोडवा निघून पांढरा बर्फ राहिला ना, ते हेच. पाक तिने ओढून घेतला आणि बर्फाचा सांगाडा काडीला राहिला.

आता शुगरफ्रीचा घोळ लक्षात येईल. ती पावडर चिमूटभर घातली तरी गोड लागते, पण चिमूटभर पावडरीने पाक होत नाही, म्हणून सगळंच्या सगळं दगड होतं. गोडवा आणि मऊपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि साखर दोन्ही कामं करते. त्यामुळे साखर शून्य करायच्या मागे लागू नका, घरच्या फ्रीझरमध्ये ते जमत नाही. त्याऐवजी ६० ग्रॅममधली २० ग्रॅम साखर काढून तेवढा मध घाला. मधातली साखर मुख्यतः ग्लुकोज आणि फ्रुक्टोज, वजनाला वजन ती साध्या साखरेच्या जवळपास दुप्पट काम करते गोठण रोखायचं. खजुराची पेस्ट पण त्याच कारणाने चांगली, वर तंतू मिळतात ते वेगळेच.

दुसरं म्हणजे फॅट. फुल क्रीम दुधात किमान ६ टक्के, टोन्डमध्ये ३ आणि डबल टोन्डमध्ये दीड टक्का. तुम्ही दुसऱ्या वेळी फॅट पण कमी केलं आणि साखर पण काढली, मग कडक होणारच होतं. क्रीम घालायची गरज नाही, फुल क्रीम दुधाचा चक्का पुरे. फारच हलकं करायचं असेल तर टोन्डच्या चक्क्यात दोन मोठे चमचे दूध पावडर घाला, ती पाणी धरून ठेवते. त्याहून जास्त नको, दुधातल्या साखरेचे कण होऊन रेती खाल्ल्यासारखं कचकच लागतं.

तिसरं हवा. मशीन फिरताना हवा घालतं आणि बर्फाचे कण मोठे होऊ देत नाही. काकूंचा कडीचा डबा तेच करतो. तेवढं करायचं नसेल तर पसरट स्टीलच्या डब्यात ठेवा आणि दर पाऊण तासाने बाहेर काढून काट्याने कडा मोडून घोटा, तीनदा. आणि कुल्फी आठवा, ती कुठे कोणी घुसळतं? पण दूध आटवून पाणी आधीच उडवलेलं असतं म्हणून ती दाट लागते. म्हणजे एकतर पाणी काढा नाहीतर घुसळा, दोन्ही केलंत तर उत्तम.

जिवाणूंचं म्हणाल तर गोठल्यावर ते बहुतेक मरत नाहीत, झोपी जातात म्हणा, काही कमी होतात पण बरेच टिकतात. मरतात ते उष्णतेने. म्हणून रस किंवा फळ शिजवलं तर काकू म्हणाल्या तसं पूर्ण गार करूनच घालायचं, नुसता चक्का फाटू नये एवढ्याचसाठी नाही.

सिंगल डोअरवाल्यांसाठी एक, डबा फ्रीझरच्या अगदी मागच्या भिंतीला टेकवून ठेवा. दार सारखं उघडलं की वरचं थोडं वितळतं, परत गोठतं, आणि दर वेळी बर्फाचे कण मोठे होतात. दहा-बारा दिवसांत संपवा.


गोदाकाठची

काकू, दूधपाणी दादा, खूप खूप धन्यवाद. बर्फाचा सांगाडा हे वाचून मला तो काडीवरचा पांढरा तुकडा डोळ्यासमोरच आला. आज विरजण लावतेय. अननसाचं मात्र कोणी सांगा ना, मला त्याचंच जास्त डोक्यात राहिलंय.


आंबटगोड

ताई अननसाचं मी सांगते, माझं पपईचं असंच झालं होतं, पाहुण्यांसमोर ठेवलेलं परत आत न्यायला लागलं. ताज्या अननसात ब्रोमेलेन नावाचं एन्झाइम असतं, ते दुधातलं प्रोटीन तोडतं आणि त्या तुटलेल्या तुकड्यांची चव कडू असते. कच्च्या पपईने मटण शिजतं लवकर, तेच हे. पपईत पपेन, किवीत पण असतंच, ताज्या अंजिरात पण. मिश्रण गोठायला चार-पाच तास लागतात, तेवढ्या वेळात ते आपलं काम करून मोकळं होतं, आणि थंडीने ते संपत नाही, नुसतं मंदावतं.

उपाय सोपा आहे, अननसाच्या फोडी चमचाभर साखर घालून सात-आठ मिनिटं शिजवून घ्यायच्या, खळखळून उकळी आली पाहिजे, मग गार करून घाला, अजिबात कडू होत नाही. डब्यातला अननस आधीच तापवलेला असतो म्हणून तो तसाच चालतो.

फळांचं अजून एक, ज्याच्यात पाणी जास्त ते दह्यात बर्फ करतं. कलिंगड तर विसराच. स्ट्रॉबेरी महाबळेश्वरची कितीही गोड असली तरी पाणी आहेच, ती मी अर्धी चिरून साखर भुरभुरवून मंद आचेवर दहा मिनिटं आटवते. याउलट सीताफळ, चिकू, पिकलेलं केळं यांना काहीच करायला लागत नाही, गर मुळातच दाट. घोलवडचे चिकू मिळाले की सालं काढून तसेच कुस्करून चक्क्यात, त्याला साखर निम्मीच लागते. आणि केळ्याच्या चकत्या आधी गोठवून मग चक्क्याबरोबर मिक्सरला एक गिरकी दिली की लगेच खाता येतं, साचे बिचे काही नको.


सिडनीकर

मी इकडे सिडनीत असते, मूळची चिपळूणची. इकडे उन्हाळा डिसेंबरात, त्यामुळे आंबे आणि ख्रिसमस एकदमच येतात आणि माझी दोन्ही मुलं शाळेला सुट्टी लागली की हेच मागतात. इकडे चक्का बांधायचा कंटाळा आला की ग्रीक योगर्ट आणते, पण एक लक्षात ठेवा, डब्यावर ग्रीक स्टाइल लिहिलंय म्हणजे ते गाळलेलंच असतं असं नाही, काहींत नुसता स्टार्च नाहीतर जिलेटिन घालून दाट केलेलं असतं. मागचं लेबल वाचायचं, दूध आणि विरजणाचे जिवाणू एवढंच असेल तर घ्यायचं. भारतात पण मिळतं आता पण महाग पडतं, घरचा चक्का केव्हाही भारी.

साच्यातनं निघत नाही म्हणताय ना, तर साचेच सोडा. ताटलीत बटर पेपर घालायचा, त्यावर गोड केलेला चक्का बोटाच्या जाडीपेक्षा थोडा कमी असा पसरायचा, वर आंब्याच्या बारीक फोडी, पिस्त्याची भरड, थोडा किसलेला नारळ, आणि तीन तास फ्रीझरमध्ये. मग चिक्कीसारखे हाताने तुकडे मोडायचे. पातळ असल्यामुळे तो कडक झाला तरी दाताला त्रास होत नाही, कटकन मोडतो आणि तोंडात लगेच विरघळतो. माझ्या धाकटीला हेच जास्त आवडतं, एकेक तुकडा उचलून खायला. फक्त बाहेर काढून ठेवू नका, पाच मिनिटांत लोळागोळा होतो.


मोजूनमापून

मी आहारतज्ज्ञ आहे, थोडं धाकट्याबद्दल आणि साखरेबद्दल.

गोदाकाठ ताई, सगळ्यात आधी हे, एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात द्यायचा नाही, चाटवायचा पण नाही. मधात बोट्युलिझम नावाच्या आजाराच्या जिवाणूंचे बीजाणू असू शकतात, मोठ्यांना त्याने काही होत नाही पण बाळाच्या आतड्यात ते वाढू शकतात आणि तो आजार फार गंभीर असतो. मध घातलेलं लेकीसाठी वेगळं ठेवा आणि चमचे पण वेगळे ठेवा. बाळाला साखर पण नको इतक्यात. त्याने याआधी दही खाल्लेलं असेल तर साधं, न गोठवलेलं दही आणि कुस्करलेलं केळं द्या, तो त्यातच खूश असतो. लेकीला सुद्धा अख्खे बदाम, अख्खी द्राक्षं घालून देऊ नका, गोठलेलं द्राक्ष तर घशात अडकायला अगदी सोपं. बदामाची भरड करा, द्राक्षं उभी चिरा.

आता काकूंचं माप मांडून बघू. ४०० चक्का, २०० रस, ६० साखर म्हणजे ६६० ग्रॅम, रस आटला तर थोडं कमी. ६० ग्रॅमचे अकरा साचे झाले तर एकात वरून घातलेली साखर साडेपाच ग्रॅम, सव्वा चमचा म्हणा. तेवढंच श्रीखंड चक्क्याइतकीच साखर घालून केलेलं असेल तर त्यात ३० ग्रॅम साखर येते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितलंय की वरून घातलेली साखर, मध, फळांचा रस हे सगळं मिळून दिवसाच्या कॅलरीच्या १० टक्क्यांच्या आत ठेवा, जमलं तर ५ टक्क्यांच्या आत. २००० कॅलरी खाणाऱ्या मोठ्या माणसाला म्हणजे ५० ग्रॅम आणि २५ ग्रॅम, सहा वर्षांच्या मुलीला त्याहून कमी. त्यात हे साडेपाच ग्रॅम आरामात बसतात.

गूळ घातला म्हणजे पौष्टिक झालं असं कृपया समजू नका. गूळ चवीला छान आहे, जरूर घाला, पण शरीराला ती साखरच. माझ्याकडे येणारे कितीतरी मधुमेही गुळाचं म्हणून दोन वाट्या खातात आणि मग शुगर का वाढली विचारतात, मला खरंच वाईट वाटतं कारण कोणीतरी त्यांना तसं सांगितलेलं असतं. यात पौष्टिक काय असेल तर तो चक्का. प्रोटीन आहे, कॅल्शियम आहे, आणि मुलांचं पोट भरतं.

आणि गार पदार्थाचा गोडवा जिभेला कमी लागतो, म्हणून मिश्रण चाखताना थोडं जास्त गोड वाटलं तर घाबरू नका, गोठल्यावर ते बरोबर लागतं. काकूंनी घातलेलं चिमूटभर मीठ आणि जायफळ याचसाठी कामाचं आहे, वेलची पण तशीच.


गोदाकाठची

मंडळी, झालं! सविस्तर लिहिते कारण तुम्ही सगळ्यांनी इतकं मनापासून सांगितलंत.

शुक्रवारी सकाळी फुल क्रीमचं एक लिटर दूध तापवून कोमट झाल्यावर विरजण लावलं, नाशकातल्या उकाड्यात चार तासांतच लागलं, लगेच फ्रिजमध्ये. संध्याकाळी चाळणीवर फडकं पसरून बांधलं, वर तांब्या ठेवला पाण्याने भरून. शनिवारी सकाळी फडकं सोडलं तर काकू म्हणाल्या तस्सा गोळा, त्यावर फडक्याची वीण उमटलेली. वजन केलं तर ४१० ग्रॅम. खाली जवळजवळ अर्ध्या लिटरच्या वर पिवळसर पाणी, म्हणजे आधीच्या वेळी मी एवढं सगळं पाणी गोठवत होते.

पुरणयंत्र सासूबाईंचं माळ्यावर होतं, ते काढलं, त्यांनीच फिरवलं, मला म्हणाल्या होळीशिवाय हे खाली आलेलं पहिल्यांदाच बघतेय. साखर ४० ग्रॅम आणि मध २० ग्रॅम घेतला. दोन आंब्यांचा रस आटवून, गार करून. मग कडीचा डबा. बर्फ मी आदल्या रात्री डब्यांत पाणी भरून करून ठेवला होता, बत्त्याने फोडला, अर्धा किलो जाडं मीठ लागलं. लेक आणि शेजारची दोघं अंगणात बसून आळीपाळीने फिरवत होती, डब्याला बाहेरून पांढरं दव धरलं तेव्हा तिघंही ओरडली. पंधराव्या मिनिटाला उघडलं तर कडेला बोटभर जाड धरलेलं, मध्ये अजून पातळ, खरवडून ढकललं, परत फिरवलं, अर्ध्या तासाने श्रीखंडापेक्षा घट्ट. निम्मं तिथेच वाट्यांतनं संपलं, साच्यात भरायला पाचच साच्यांपुरतं राहिलं.

ते साचे आज काढले. दहा मिनिटं बाहेर ठेवून मग काढले, काडीसकट अख्खे निघाले. चावता येतं, बर्फ लागत नाही, शेवटच्या घासापर्यंत केशरीच. लेक म्हणाली आई याच्यात आंबा संपत नाही.

धाकट्याला साधं दही-केळं दिलं, मधाचं त्याच्यापासून लांबच ठेवलं. चक्क्याच्या पाण्यात थालीपिठाचं पीठ भिजवलं, खरंच मऊ झाली काकू. पण अजून तीन वाट्या पाणी उरलंय, त्याची कढी करता येते का? बेसन किती लावायचं?


पंचगंगा

येते की. तीन वाट्यांना दोन मोठे चमचे बेसन लाव, पाणी पातळ असतं ना म्हणून ताकापेक्षा थोडं जास्त. फोडणीत मेथीचे चार दाणे टाक आणि उकळी फुटायच्या आधी गॅस बंद कर. साखर घालताना आधी चाखून बघ, ताज्या दह्याचं पाणी फार आंबट नसतं.